मेणवलीला जाताय ना?

मनू, साखरपुडा झाला, आता प्री-वेडिंगला मेणवलीचा घाट ठरला, हे मला आईकडून कळतं होय? ताई काहीतरी बोलेल म्हणून टाळलंस ना? बोलणारच आहे.

आधी कपडे कमी कर. चार जोड घेऊन बदलणार कुठे? आम्ही गाडीच्या काचांना ओढण्या लावल्या होत्या. एक नऊवारी, एक साधा सुती कुर्ता, बास. तो मागे लोळणारा भाड्याचा गाऊन तर आणूच नकोस. माझी त्यात फजिती झालीय.

वाईहून तीनेक किलोमीटर, उजाडतानाच पोचलो होतो. फोटोग्राफर म्हणाला, "एकमेकांकडे बघत, हसत पायऱ्या उतरा." खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे पायाकडे बघायचं असतं, हे त्याला कोण सांगणार! सरकले, आणि गाऊन गुडघ्यापर्यंत कृष्णेत. शेजारी धुणं आपटत असलेल्या मावशी उठल्या. काही न विचारता त्यांनी माझा घोळ उचलला आणि तुझ्या भावोजींना म्हणाल्या, "बघता काय? धरा ते टोक." चादर पिळतात तसा दोघांनी पीळ भरला, आणि मी मधोमध, गाऊनच्या आतच! क्लिक झालं. दीडशे फोटोंतला तोच एक आईच्या कपाटावर आहे. डिपॉझिट बुडालं ते वेगळं.

म्हणून सांगते, "मावशी, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय" असं तुमच्या फोटोग्राफरला म्हणू देऊ नकोस. नाना फडणवीसांनी घाट बांधला तो काही आपल्या फोटोंसाठी नव्हे. वाडा खाजगी आहे, आत शूट करायचं तर आधीच विचारून ठेवा. देवळाजवळच्या मोठ्या घंटेखाली मिठी मारायला लावतील, तिथे ठाम नाही म्हण. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हाची ती पोर्तुगीज चर्चमधली घंटा. आणि 'स्वदेस'चं चित्रीकरण इथलंच, त्यामुळे तुझ्या अहोंना शाहरुखसारखं पाण्याकडे बघत उभं करतील. करू दे, तेवढी हौस असते.

पावसाळ्यात मात्र जाऊ नका. वर धोम धरण आहे, पाणी सोडलं की पायऱ्या बुडतात. दिवाळीनंतर जा, शनिवार-रविवार सोडून.

पैशांचं काय ठरलंय? अर्धे-अर्धे असतील तर आत्ताच तोंडाने बोला. आमचं ते मोघम राहिलं आणि अल्बमच्या बिलावरून लग्नाच्या आदल्या आठवड्यात अबोला झाला. हे आईला सांगू नकोस.

दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर ठेव. उपाशीपोटी दोघंही फोटोत रागावलेले दिसता, आणि तुझं तर नाकच लाल होतं.

बरं, एक काम आहे. त्या मावशींना फोटो पाठवते म्हणाले होते, चार वर्षं झाली. मोठी प्रत काढून पाकिटात घातलीय, तुझ्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात ठेवते. नाव विचारायचंच राहिलं. उजव्या मनगटावर तुळशीचं गोंदण आहे, आणि आवाज खणखणीत. सकाळी सात-साडेसातला घाटावर असतात.