पॉइंटची खरी किंमत

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• प्रवास-पॉइंट म्हणजे काय, ते सांगू शकाल;
• एका पॉइंटची रुपयांतील किंमत काढू शकाल;
• पॉइंट केव्हा वापरावेत आणि केव्हा वापरू नयेत, हे ठरवू शकाल.

मूळ पाठ

नेहमीचे गिऱ्हाईक टिकावे म्हणून वाणी पुडीत चार दाणे अधिक घालतो. विमान कंपन्यांनीही हीच युक्ती योजली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या नेहमीच्या प्रवाशांसाठी मैल साठवण्याची योजना सुरू केली. १९८७ साली या योजनेला सिटीबँकेच्या क्रेडिट कार्डाची जोड मिळाली आणि विमानात पाऊल न ठेवताही, केवळ खरेदी करून, मैल जमू लागले. आज भारतातील अनेक बँकांची कार्डे अशा प्रकारचे पॉइंट देतात.

पॉइंट म्हणजे पैसा नव्हे. पैशाची किंमत त्यावर छापलेली असते. पॉइंटची किंमत तो कसा खर्च होतो यावर ठरते. एक उदाहरण पाहू.

दिल्लीत नोकरी करणाऱ्या एका परिचारिकेला गणपतीसाठी पुण्याला, आपल्या आईकडे जायचे आहे. ती घरखर्चापैकी दरमहा १५,००० रुपये कार्डाने भरते. तिचे कार्ड १०० रुपयांमागे २ पॉइंट देते. म्हणजे महिन्याला ३०० आणि दीड वर्षात ५,४०० पॉइंट झाले. थेंबे थेंबे तळे साचले. आता त्यांतील ५,००० पॉइंट खर्च करण्याचे तीन मार्ग तिच्यासमोर आहेत.

पहिला मार्ग भेटवस्तूंचा. तेथे एका पॉइंटचे २५ पैसे मिळतात. म्हणजे ५,००० पॉइंटांचे केवळ १,२५० रुपये होतात.

दुसरा मार्ग एरवीच्या दिवसांतील विमान-तिकिटाचा. तिकीट ४,५०० रुपयांचे आहे. पॉइंट वापरले तरी कर व शुल्क यांचे १,५०० रुपये रोख भरावेच लागतात. म्हणजे वाचले ३,००० रुपये. एका पॉइंटची किंमत ६० पैसे.

तिसरा मार्ग सणाच्या गर्दीतील तिकिटाचा. तेच तिकीट आता ७,५०० रुपयांना आहे; परंतु पॉइंट तितकेच, ५,००० लागतात आणि रोख १,५०० रुपयेच भरायचे आहेत. वाचले ६,००० रुपये. एका पॉइंटची किंमत १ रुपया २० पैसे.

यावरून एक सोपे सूत्र हाती येते :

(तिकिटाचे रोख भाडे – पॉइंट वापरूनही भरावी लागणारी रोख रक्कम) ÷ लागणारे पॉइंट = एका पॉइंटची किंमत

मात्र सर्वच योजनांत पॉइंटांची संख्या स्थिर नसते. काही ठिकाणी भाडे वाढले की लागणारे पॉइंटही वाढतात. पॉइंटांवर मिळणाऱ्या जागाही मर्यादित असतात. म्हणून दर वेळी भागाकार करून पाहावा. बँकेचे पॉइंट विमान कंपनीकडे वळवताना दोनांचा एक होतो की एकास एक मिळतो, तेही तपासावे. एकदा वळवलेले पॉइंट बहुधा परत आणता येत नाहीत. तेव्हा जागा उपलब्ध आहे याची खात्री आधी, वळवणे नंतर.

पॉइंट वर्षानुवर्षे साठवून ठेवणेही शहाणपणाचे नाही. त्यांना मुदत असते आणि नियम बदलू शकतात. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची उड्डाणे थांबली, तेव्हा याच विमानांसाठी पॉइंट जपून ठेवणाऱ्यांचे बेत कोलमडले.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. त्या परिचारिकेने एका महिन्याचे बिल मुदतीत भरले नाही, असे समजू. १५,००० रुपयांवर दरमहा ३.५ टक्के दराने ५२५ रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, मिळून सुमारे ६२० रुपये होतात. विलंब शुल्क वेगळेच. त्या महिन्यात तिला मिळालेल्या ३०० पॉइंटांची उत्तम किंमत ३६० रुपये! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तो हाच. केवळ ‘किमान देय रक्कम’ भरल्यानेही व्याज टळत नाही. कार्डाचे वार्षिक शुल्कही याच हिशेबात धरले पाहिजे.

म्हणून पॉइंटासाठी खर्च करू नये; करावाच लागणारा खर्च कार्डाने करून बिल पूर्ण व वेळेवर भरावे. असे केले, तरच आईच्या घरी नेणारे ते तिकीट खऱ्या अर्थाने स्वस्त ठरते.

शब्दार्थ

किमान देय रक्कम – बिलापैकी मुदतीत भरावीच लागणारी सर्वांत कमी रक्कम
विलंब शुल्क – उशिरा भरणा केल्याबद्दलचा आकार

पाठगत प्रश्न

१. पैसा आणि पॉइंट यांच्यातील फरक एका वाक्यात लिहा.
२. पॉइंट वळवण्यापूर्वी कोणती खात्री करून घ्यावी?
३. ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ ही म्हण पाठात कोणत्या संदर्भात आली आहे?

स्वाध्याय

१. एका तिकिटाचे रोख भाडे ५,२०० रुपये आहे. पॉइंटांवर घेतल्यास ८,००० पॉइंट आणि १,२०० रुपये रोख लागतात. एका पॉइंटची किंमत काढा. हे पॉइंट येथे वापरावेत का? कारण द्या.
२. तुमच्या ओळखीच्या एखाद्या कार्डधारकाला बिल वेळेवर भरण्याचे महत्त्व पटवून देणारे पत्र लिहा.