हाताचे हाड मोडले तर : ओळख आणि उपचार

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे मूळचे एकच. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. सीमा बदलल्या, तरी दोन्हीकडचे कष्टाचे जीवन सारखेच राहिले. पाटण-जावळीच्या पावसात निसरड्या बांधावरून पाय घसरणे, कराड-वाळव्याकडे उसाच्या गाडीवरून पडणे, माण-जतच्या खळ्यावर मळणी यंत्रात हात सापडणे, हे प्रसंग येथील शेतकरी कुटुंबांस अपरिचित नाहीत. ज्याचे पोट हातावर आहे, त्याच्या दृष्टीने मोडलेला हात म्हणजे थांबलेला संसार होय. म्हणूनच या दुखापतीची प्राथमिक माहिती घराघरांत असणे अगत्याचे आहे.

मोड कशी ओळखावी?

मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत प्रत्येक हातात २७ हाडे असतात : मनगटात ८, तळहातात ५ आणि बोटांत १४. तोल जाताना मनुष्य स्वाभाविकपणे हात पुढे टेकतो व शरीराचा भार मनगटावर येतो. मनगटाजवळच्या या मोडीचे वर्णन आयरिश शल्यवैद्य अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली केले. क्ष-किरणांचा शोध त्यानंतर, १८९५ साली लागला. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते की, डोळसपणे पाहिल्यास मोडीचा संशय यंत्रावाचूनही घेता येतो.

एकाच जागी बोट ठेवताच असह्य वेदना होणे, झपाट्याने सूज चढणे, हाताचा आकार वेडावाकडा दिसणे, मूठ वळताना एखादे बोट दुसऱ्यावर चढणे, हाडांची करकर जाणवणे, ही प्रमुख लक्षणे होत. “बोटे हलतात, अर्थी हाड शाबूत आहे” हा समज मात्र सर्वस्वी चुकीचा आहे. मोड असूनही बोटे हलू शकतात. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खोलगट भागात दुखत असेल तर विशेष सावध राहावे. तेथील होडीच्या आकाराच्या लहान हाडाची मोड पहिल्या क्ष-किरण चित्रात कधी कधी दिसत नाही. अशा वेळी दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा चित्र काढावे लागते. केवळ मुका मार समजून तिकडे दुर्लक्ष केल्यास ते हाड जुळत नाही व मनगट कायमचे अधू होते.

दवाखान्यात नेईपर्यंत

प्रथम अंगठी, बांगड्या, घड्याळ उतरवावे. सूज चढल्यावर ती निघत नाहीत आणि रक्तप्रवाह अडवतात. हात आहे त्या स्थितीत ठेवावा. ओढून सरळ करणे, चोळणे वा तेलाने मालीश करणे कटाक्षाने टाळावे. लाकडी पट्टी किंवा जाड घडी केलेले वर्तमानपत्र आधारास घ्यावे. मोडीच्या वरचा व खालचा सांधा स्थिर राहील अशा बेताने ते सैलसर बांधावे आणि हात झोळीत घ्यावा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावल्यास सूज कमी होते. जखमेतून हाड दिसत असल्यास ते आत ढकलू नये. स्वच्छ कापडाने झाकून तातडीने दवाखाना गाठावा. तेथे धनुर्वाताच्या लसीची चौकशी अवश्य होते. शस्त्रक्रियेची शक्यता असल्याने रुग्णास खाण्यापिण्यास देऊ नये.

घट्ट बंधनाचा धोका

अनेक ठिकाणी आजही प्रथम हाडवैद्याकडे धाव घेतली जाते. तेथे बांबूच्या कामट्या घट्ट आवळल्या गेल्यास स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. असे काही तास गेले, तर स्नायू मृत होतात आणि बोटे कायमची आखडतात. जर्मन शल्यवैद्य फोल्कमान यांनी १८८१ साली या व्यंगाचे वर्णन केले. कोपराजवळ हाड मोडलेल्या मुलांमध्ये ही भीती अधिक असते. रक्तपुरवठा संपूर्ण थांबल्यास हात कापण्याची पाळी येते.

दवाखान्यात घातलेल्या प्लॅस्टरलाही हाच नियम लागू आहे. बोटे निळी, पांढरी वा थंड पडली, मुंग्या येऊ लागल्या, वेदना वाढतच गेली, तर मध्यरात्र असली तरी परत जावे. सकाळची वाट पाहू नये. प्लॅस्टर भिजवू नये, खाज सुटली म्हणून आत काडी घालू नये. हात उशीवर उंच ठेवावा व मोकळी बोटे हलवत राहावे. बोटाचे हाड साधारणपणे तीन ते चार, तर मनगटाचे सुमारे सहा आठवड्यांत जुळते. होडीच्या आकाराच्या हाडास आठ ते बारा आठवडे किंवा अधिक काळही लागतो. नंतरचा व्यायाम हा उपचाराचाच भाग समजावा.

उपचार दूर नाहीत

मिरजेची वैद्यकीय परंपरा जुनी आहे. डॉ. वॅन्लेस यांनी १८९४ साली तेथे रुग्णालय उभारले, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ साली सुरू झाले. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे शासकीय रुग्णालय आहे. २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिकाही मिळते. सोय हाताशी आहे; ती वेळेवर घेणे कुटुंबाच्या हाती आहे. पहिल्या काही तासांत दाखविलेली तत्परता पुढील साऱ्या आयुष्याचा कामाचा हात वाचवू शकते, हे प्रत्येक घराने ध्यानी ठेवावे.