अजून किती नद्या?

गणपतीला गाडीने गावी जायचं ठरलं की आईची चिंता असते, टॅबमध्ये काय काय भरून घेऊ? बाबांची चिंता वेगळी: किती वाजता निघालं म्हणजे माणगावची कोंडी चुकेल? मला दोघांशीही थोडं बोलायचंय. मुंबईहून कणकवली म्हणजे चारशे किलोमीटरच्या वर. रस्ता मेहेरबान असला तरी नऊ-दहा तास, आणि गणपतीत किती लागतील ते गणपतीलाच ठाऊक. एवढा वेळ मुलांना रिझवत बसणं कुणालाही झेपणारं नाही. त्यापेक्षा त्यांना प्रवासात काही वाटा द्या. मागच्या सीटवर बॅगांच्या शेजारी कोंबून ठेवलं तर मुलं कुरकुरणारच.

पनवेल सुटायच्या आत पहिला प्रश्न येतो, "अजून किती वेळ?" पाच वर्षांच्या मुलाला आठ तास म्हणजे काय कळणार? त्याला नद्या सांगा. मुंबई-गोवा रस्ता सह्याद्रीला समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे धावतो. कोकणातल्या नद्या मात्र डोंगरात उगम पावून पश्चिमेला समुद्राकडे जातात. त्यामुळे हा रस्ता एकामागून एक नदी ओलांडतच पुढे सरकतो. कोलाडला कुंडलिका, महाडला सावित्री, खेडजवळ जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री, आंजणारीला काजळी, वाकेडला मुचकुंदी, राजापूरला अर्जुना आणि कणकवलीत गड नदी. मधल्या ओढ्या-वहाळांची तर गणतीच नाही. आदल्या रात्री एका जाड कागदावर ही नावं ओळीने लिहून घ्या. लिहायचं काम मुलांनीच करायचं. पूल आला की त्या नावावर खूण करायची. मग "अजून किती वेळ" विचारलं की उत्तर तयार: "अजून तीन नद्या." जगबुडी या नावावर तर अर्धा तास सहज जातो. जग कसं बुडालं, मग आपण कसे उरलो, याचं उत्तर मुलांकडूनच घ्या, तुम्ही देऊ नका. गाडी गोव्याच्या दिशेने चालली असेल तर समुद्र उजव्या हाताला आणि सह्याद्री डाव्या हाताला, एवढं एकदा दाखवून ठेवा. भूगोलाच्या तासाला जे डोक्यावरून जातं ते इथे खिडकीतून कळतं.

खिडकीबाहेर बघण्याचा दुसरा फायदा पोटाला. गाडी लागते ती कान आणि डोळे यांच्या भांडणामुळे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, वळतोय. मोबाईलच्या पडद्यावर किंवा पुस्तकावर खिळलेले डोळे म्हणतात, छे, सगळं स्थिर आहे. मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळतं. साधारण दोन ते बारा या वयात हा त्रास जास्त. म्हणून घाटात मोबाईल, चित्रकलेची वही, गोष्टीचं पुस्तक सगळं बंद आणि नजर लांबच्या डोंगरावर. कशेडीचा घाट आता बोगद्यामुळे टळतो, पण पुढे वळणं काही संपत नाहीत. उलटीची गोळी द्यायचीच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शेजारणीच्या मुलाला चालली म्हणून आपल्याला चालेल असं नसतं.

मोबाईलवर मी बंदी घालत नाहीये. तो कानांसाठी वापरा. आजीला बसवून तिच्या दोन-चार गोष्टी आवाजात भरून घ्या, अंधार पडला की लावा. घाटात रेंज जाते, तेव्हा हे सगळं घरूनच उतरवून न्या. गाणं निवडायची पाळी प्रत्येकाची, बाबांचीसुद्धा. आणि मुलांच्या पाळीचं गाणं तिसऱ्यांदा लागलं तरी तोंड वाकडं करायचं नाही.

खेळांत मला सगळ्यात आवडतो तो गावांच्या भेंड्यांचा. गावाच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचं गाव. हा खेळ या रस्त्यावर फार मजेदार अडतो, कारण पेण, चिपळूण, मालवण सगळी 'ण'वर संपतात आणि वडखळ, कुडाळ 'ळ'वर. 'ण' आणि 'ळ'ने सुरू होणारं गाव आणायचं कुठून? मग नियम करा, 'ण' आला की 'न', 'ळ' आला की 'ल'. नियम करण्यावरून मुलं जी वकिली करतात ती खेळाहून जास्त रंगते. नांदगाव, निवळी, लांजे, लोटे अशी नावं पाट्यांवर सापडत जातात, म्हणजे पुन्हा डोळे बाहेर. मोठ्या मुलांना गाड्यांचे नंबर द्या: एमएच ०६ रायगड, ०८ रत्नागिरी, ०७ सिंधुदुर्ग. ०७ दिसायला लागले की गाव जवळ आलं. कोंडीत अडकलात तर हाच खेळ उभ्या गाड्यांवर चालतो. लहानांना रंग पुरतात: पिवळी पाटी भाड्याच्या गाडीची, हिरवी विजेवर चालणाऱ्या गाडीची.

आणि मधेच मुलं गप्प झाली, नुसती काचेवरचे पावसाचे थेंब बघत बसली, तर कृपा करून नवा खेळ काढू नका. कंटाळा आलेलं मूल लगेच आजारी पडत नाही.

खाण्याचं थोडक्यात. निघताना पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. दशमी, खाकरा, राजगिऱ्याचा लाडू, चुरमुरे बरे. तेलकट वडा घाट संपल्यावर. चार वर्षांखालच्या मुलांना चालत्या गाडीत अख्खे शेंगदाणे, चणे, द्राक्षं देऊ नका. घशात अडकलं तर पुढच्या सीटवरून तुमचा हात वेळेत पोचणार नाही.

आता बाबांसाठी. "मी सावंतवाडी आठ तासांत मारली" हे कौतुक मित्रांपुरतं ठेवा. दर दोन तासांनी गाडी थांबली पाहिजे, मुलांनी उतरून पळलं पाहिजे. स्वच्छतागृह दिसलं की मुलींना विचारून घ्या. पुढचं कधी आणि कसं मिळेल याचा भरवसा नसतो. गाडी चालू असेपर्यंत मात्र पट्टा सुटता कामा नये. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा लहान मुलांची सीट नसेल तर कायद्यात 1000 रुपये दंड आहे, पण दंडासाठी कशाला? छतातल्या खिडकीतून डोकं बाहेर काढलेली मुलं हल्ली महामार्गावर दिसतात, आणि आई-बाप खालून फोटो काढत असतात. ही मजा नाही, हा निव्वळ अविचार आहे.

परतीच्या प्रवासात यातलं काहीच करायला जाऊ नका. मुलं दमलेली असतात, त्यांना झोपू द्या. दुसऱ्या दिवशीची शाळा गाठायची म्हणून रात्रभर गाडी हाणायचा हट्टही नको. पहाटे नीट झोप काढून निघा. शाळेचा एक दिवस बुडाला तर बुडू दे.