आजारपणातील द्रव आहार : पातळ म्हणजे पौष्टिक नव्हे

घरातील एखादी व्यक्ती क्षयरोगाने, कर्करोगाने किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अंथरुणाला खिळली की "जेवण जात नाही" ही तक्रार हमखास ऐकू येते. तोंडाला चव नसते, मळमळते, दोन घासांत पोट भरते. मग नातेवाईक शहाळी आणतात, ग्लुकोजचे पाणी पाजतात, पातळ पेज देतात. त्यामागील माया खरी असते. परंतु पातळ म्हणजे पौष्टिक नव्हे, हे आपण सर्वांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

अन्न अपुरे पडले की शरीर स्वतःचे स्नायू झिजवते. अशक्तपणा वाढतो, जखमा लवकर भरत नाहीत. तीन ते सहा महिन्यांत वजन १० टक्क्यांहून अधिक घटले, म्हणजे ५० किलोचा माणूस ४५ किलोच्या खाली आला, तर ती धोक्याची खूण समजावी. झारखंडमधील क्षयरुग्णांना शिधा देऊन केलेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्के वाढले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळले.

आता साधा हिशेब पाहू. पेलाभर (२०० मिली) शहाळ्याच्या पाण्यातून जेमतेम ४० किलोकॅलरी मिळतात, प्रथिने जवळजवळ नाहीतच. तेवढ्याच म्हशीच्या दुधातून सुमारे २०० किलोकॅलरी व ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. त्यात दोन मोठे चमचे साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळली की प्रथिने जवळपास दुप्पट होतात. दुकानातील पूरक आहाराच्या पावडरी वैद्यकीय सल्ल्याने घ्याव्यात. डब्यावरील प्रथिनांचे व साखरेचे आकडे अवश्य वाचावेत. मुलांची चवदार माल्ट पावडर हा त्यांना पर्याय नाही.

देताना पुढील पथ्ये पाळावीत :

१. पेय जेवणाऐवजी नव्हे, दोन जेवणांच्या मध्ये द्यावे. जेवणापूर्वी दिल्यास उरलीसुरली भूकही मरते.

२. एकदम पेला संपविण्याचा आग्रह नको. तास-अर्ध्या तासात घोट घोट द्यावे. वासाने मळमळत असेल तर थंड करून द्यावे.

३. रुग्णास बसवून पाजावे. पिताना ठसका लागत असल्यास थांबून डॉक्टरांना सांगावे.

४. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

५. पाच दिवसांहून अधिक काळ पोटात जवळजवळ काहीच गेले नसेल तर एकदम भरपूर आहार देणे घातक ठरू शकते. प्रथम दवाखाना गाठावा.

६. काही औषधे दुधाबरोबर नीट शोषली जात नाहीत. किती अंतर ठेवावे ते विचारून घ्यावे.

७. आठवड्यातून एकदा वजन करून वहीत लिहावे.

महागडा डबा परवडत नाही म्हणून कोणी खचून जाऊ नये. दूध, दुधाची पावडर, शेंगदाण्याचे कूट, नाचणीचे सत्त्व यांतूनही उत्तम पेय तयार होते. क्षयरुग्णांना निक्षय पोषण योजनेखाली एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले; नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. ती थेट बँक खात्यात जमा होते. आपल्या वस्तीतील रुग्णाची नोंद झाली आहे काय, याची चौकशी प्रत्येकाने करावी. रुग्णाच्या भेटीस जाताना शहाळ्याबरोबर दुधाच्या पावडरीचे एक पाकीटही न्यावे, एवढीच आमची विनंती.