आधी ब्रेक ऑईल, मग कॅलिपर

चि. भाचेबुवांस, सांगलीच्या मामाचे अनेक आशीर्वाद.

ताईच्या फोनवरून कळले की साताऱ्याच्या घरापुढची जुनी स्विफ्ट आता मागची सीट काढून, रोलकेज बसवून उभी आहे. पावसाळा सरला की ती कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर न्यायची आहे आणि त्यासाठी सहा पिस्टनच्या लाल कॅलिपरचे किट पसंत झाले आहे. पैसे अजून भरले नसतील या आशेवर हे पत्र. मामा काही शर्यतवाला नाही, मिरजेच्या एमआयडीसीत लेथवर हात काळे करणारा माणूस. पण उष्णतेचा हिशेब दोघांनाही चुकत नाही.

गाडीच्या वेगाची उष्णता करायची आणि ती हवेत सोडायची, एवढेच ब्रेकचे काम. चालकासह हजार किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली की सुमारे ३ लाख ८६ हजार ज्यूल उष्णता तयार होते. तेवढ्यात लिटरभराहून जास्त पाणी उकळीला येते. ताशी १४० वरून ६० वर यायचे तर हाच आकडा सहा लाखांच्या वर जातो. ट्रॅकवर हे फेरीतून अनेकदा घडते आणि डिस्क निवायच्या आत पुढचे वळण येते.

साताऱ्याच्या माणसाला खरे तर हे सांगायला नको. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास कमी होते. तुझ्या गाडीसाठी ही ५४ लाख ज्यूल ऊर्जा, म्हणजे शंभराच्या वेगावरून चौदा वेळा कचकन थांबण्याइतकी. एसटीचा चालक खालच्या गिअरमध्ये उतरतो, कारण त्यातला मोठा वाटा इंजिन उचलते. डिझेल वाचवायला गाडी मोकळी सोडणाऱ्यांचे काय होते, हे नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या नवले पुलाजवळ दिसले. साताऱ्याकडून आलेल्या ट्रकने अनेक गाड्या चिरडल्या. चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवल्याचे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले होते. तुझ्या गाडीचा ब्रेक बूस्टरही इंजिनाच्या निर्वातावर चालतो, हे यानिमित्ताने ध्यानात ठेव.

आता किटकडे. मोठ्या कॅलिपरने गाडी कमी अंतरात थांबते, हा समज सर्वात महागात पडतो. चाक जाम होईपर्यंतचा जोर तुझ्या सध्याच्या ब्रेकमध्ये आहेच. त्यापुढे गाडी किती अंतरात थांबणार हे टायरची पकड ठरवते. सांगलीच्या वालचंद कॉलेजात किंवा राजारामनगरच्या आरआयटीत विद्यार्थ्यांच्या स्पर्धांसाठी बाहाची, फॉर्म्युलाची गाडी बांधलेला कुणी भेटला तर त्याला ब्रेक टेस्टबद्दल विचार. त्या स्पर्धांत चारही चाके जाम झाल्याशिवाय गाडीला पुढे सोडत नाहीत. पोरांची गाडी ही परीक्षा छोट्याशा कॅलिपरवर पास होते. पहिल्या दाबाला जोर सगळेच ब्रेक देतात, प्रश्न दहाव्या दाबाचा असतो.

त्या दहाव्या दाबाला पहिला दगा ब्रेक ऑईल देते. नेहमीचे ग्लायकॉलचे ऑईल हवेतली ओल शोषते, रबरी नळीतूनसुद्धा. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, डॉट ४ चा २३० आणि डॉट ५.१ चा २६०. तेच ऑईल ३.७ टक्के पाणी प्यायले की हे आकडे १४०, १५५ आणि १८० वर येतात. गाडीने यवतेश्वर-कास भागात दोन पावसाळे काढले असतील आणि ऑईल बदलले नसेल, तर मीटरवरचे किलोमीटर कितीही असोत, ब्रेकचे वय झालेले आहे. ऑईल उकळले की त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला टेकते. गाडी निवली की पेडल पुन्हा वर. मग मेकॅनिक म्हणतो, ‘काही नाही, सगळं ओके आहे.’

म्हणून पहिला खर्च सीलबंद बाटलीतल्या ऑईलचा. शर्यतीसाठीची डॉट ४ ऑईल मिळतात, त्यांचा कोरडा उत्कलनबिंदू ३०० अंशांच्या वर असतो. जुने सगळे काढ, चारही चाकांच्या ब्रेकमधली एअर नीट काढ आणि उरलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नकोस. डॉट ५ मात्र सिलिकॉनचे, ५.१ शी त्याचे नाव तेवढे जुळते. त्याला हात लावायचा नाही.

दुसरा खर्च पॅडचा. साधे पॅड फार तापले की त्यातली रेझीन वायू सोडू लागते आणि पेडल घट्ट असूनही गाडी थांबत नाही. ट्रॅकचे पॅड उलट स्वभावाचे. गरम झाल्यावर चावतात, थंडीत सकाळी पोवई नाक्याच्या गर्दीत मात्र ऐन वेळी ढिम्म. शिवाय किंचाळतात आणि डिस्क खातात. तेव्हा दोन जोड ठेव आणि ट्रॅकवर गेल्यावरच बदल. नवे पॅड बसवल्यावर मध्यम वेगावरून हळूहळू जोर वाढवत त्यांचा थर डिस्कवर बसू दे.

डिस्क बिडाची असते, आणि बीड म्हटले की आपल्या भागात प्रत्येकाचा कुणी ना कुणी मित्र शिरोलीच्या फाउंड्रीत निघतो. त्याच्याकडून डिस्क ओतून घेण्याचा किंवा आपल्याच लेथवर कातून हलकी करण्याचा मोह टाळ. डिस्कचे वजन हेच तिचे उष्णता साठवण्याचे भांडवल. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, तिच्या खाली गेली की ती भंगारात. भोकांची डिस्क दिसायला देखणी, पण सततच्या तापण्या-निवण्याने भोकांच्या कडेला तडे जातात. कंपनीची साधी हवेशीर डिस्क घे आणि बंपरमधून नळीने तिच्यापर्यंत वारा आण. ड्रम ब्रेकवर डिस्कचा विजयच मुळी वाऱ्यामुळे झाला. ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून दूर जातो, डिस्क उघड्यावर निवते. १९५३ साली ले मांची २४ तासांची शर्यत जग्वारने डनलपच्या डिस्क ब्रेकवर जिंकली, तेव्हा हे साऱ्या जगाला दिसले.

हे सगळे करूनही दिवसअखेर ब्रेक दमत असतील, तर खुशाल किट घे. पण तेव्हा दुकानदाराला पिस्टनचे क्षेत्रफळ विचार, रंग नाही. पिस्टन मोठे झाले की मास्टर सिलिंडरला जास्त ऑईल ढकलावे लागते आणि पेडल लांब जाते. पुढचा जोर वाढला आणि मागे तेच ड्रम राहिले, तर मागची चाके आपल्या वाट्याचे काम करत नाहीत. मोठी डिस्क १४ इंची रिमच्या आत बसेल का, तेही आधी मोजून घे. (लाल रंगच हवा असेल तर प्लॅस्टिकची कव्हरे बाजारात मिळतात, ती घेऊन घरात शोभेला ठेव.)

ट्रॅकवर शेवटची फेरी ब्रेक न वापरता सावकाश मार. पिटमध्ये आल्यावर पेडल दाबून उभा राहू नकोस, हँडब्रेकही ओढू नकोस, चाकाला लाकडी ठोकळा लाव. थांबलेल्या गाडीत वारा बंद होतो, डिस्कची धग कॅलिपरमध्ये चढते आणि ऑईल तिथेच उकळू शकते.

आणि एक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनासारखे बदल करून ती रस्त्यावर फिरवता येत नाही, अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करू शकते. कोइमतूर हजार किलोमीटरहून लांब आहे, तिथवर स्विफ्ट ट्रेलरवर चढवून ने. आणि यवतेश्वर घाटात तिची चाचणी घ्यायची नाही. तिथे पहाटे पळणारी माणसे असतात.

किटची ऑर्डर दिली असेल तर आजच थांबव. येत्या रविवारी ऑईलच्या दोन बाटल्या घेऊन मिरजेला ये, एअर काढायला पेडलवर एक माणूस लागतोच.

तुझा,
मामा