मोटारीचे लाकडी चाक

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात फोर्डची ‘मॉडेल टी’ (१९०८–१९२७) दिसली, तर तिची चाके नीट पाहा. बहुधा प्रत्येकात बारा लाकडी आरे दिसतील, बैलगाडीच्या चाकासारखे!

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात. तापल्याने ती प्रसरण पावते. पाणी ओतताच आकुंचन पावून लाकडाला घट्ट आवळते. मग चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाळ्यात तेच चाक खिळखिळे का होते? उन्हाने लाकडातील ओलावा उडून जातो. उष्णतेने लाकूड जेवढे वाढते, त्याहून कितीतरी अधिक ते सुकल्याने आकसते.

म्हणून मौल्यवान मोटारीच्या नुसत्या चकाकीला भुलू नका. आरे सैल असले, तर वळणावर चाक मोडू शकते. गाडी चालविण्यापूर्वी ते हलवून तपासलेच पाहिजेत.