टाकलेले आणि निवडलेले : जुन्या बाजारातील वस्तूंपासून गृहसजावट

आमच्या निवासी शाळेत कार्यानुभवाच्या तासाला ‘टाकाऊपासून टिकाऊ’ हा पाठ पुष्कळ वर्षे शिकविला जात आहे. वर्षाअखेरीस त्याचे प्रदर्शनही भरते. ते पाहताना एक गोष्ट आम्हांला सतत खटकत असे. बाटली टाकाऊ असे. परंतु तिच्यावर लावण्यासाठी चमकी, रंग, कृत्रिम फुले आणि गोंद मात्र दुकानातून नवे विकत आणलेले असत. पुढे आठवडाभरात ती सजलेली बाटली पुन्हा कचऱ्यात जाई, आणि रंग व गोंद माखल्यामुळे आता भंगारवालाही ती घेत नसे. म्हणून आम्ही पाठाची रीत बदलली. वस्तू जुन्या बाजारातून आणायची, नवे सामान कमीत कमी वापरायचे, आणि घडविलेली वस्तू सहा महिने वसतिगृहात वापरात राहिली तरच तिला गुण द्यायचे, असे ठरले.

हे ठरल्यानंतरच्या पालकसभेत आठवीतील एका विद्यार्थिनीची आई उठून म्हणाली, “सर, लोकायचं फेकलेलं वापरू वापरू आमची जिनगी गेली. आता पोरीले शायेतबी थेच शिकवता काय?” सभेत कोणी हसले नाही. आमच्याकडे त्या वेळी उत्तरही नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता तयार झालेला पाठ आहे.

प्रश्न साधा नव्हता, कारण टाकलेल्या वस्तूंशी आपल्या समाजाचे नाते जुने आणि दुखरे आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावे, मृतांची वस्त्रे अंगावर घालावीत, फुटक्या भांड्यांत अन्न घ्यावे आणि लोखंडाचेच अलंकार वापरावेत, असे सांगितले आहे. म्हणजे इतरांनी टाकलेले घेणे ही काहींसाठी नियम म्हणून लादलेली गोष्ट होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे त्या ग्रंथाचे दहन झाले, आणि त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ राहण्यास व जातीची ओळख सांगणारे दागिने आणि पेहेराव टाकून देण्यास सांगितले. ज्यांच्या आजीने तो उपदेश ऐकून हातापायांतील जड कथिलाचे व पितळेचे दागिने उतरवले, तिच्या नातीला भंगाराच्या ढिगाऱ्याकडे नेताना शिक्षकाने दोनदा विचार केलाच पाहिजे.

तथापि याच प्रश्नाची दुसरी बाजू विनयपिटकात सापडते. भिक्खूंचे आरंभीचे वस्त्र पांसुकूल होते. धुळीत, उकिरड्यावर, स्मशानात पडलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, रंगवून व शिवून ते तयार होई. पुढे जीवक वैद्याने उत्तम वस्त्र दान दिले, तेव्हा तथागतांनी गृहस्थांनी दिलेले चीवर घेण्यास मोकळीक दिली. ज्याला पांसुकूल हवे त्याने ते घ्यावे, ज्याला दानाचे हवे त्याने ते घ्यावे. नंतर देवदत्ताने काही गोष्टी सर्व भिक्खूंना जन्मभर सक्तीच्या कराव्यात अशी मागणी केली. तीत पांसुकूल चीवरही होते. तथागतांनी ती मागणी मान्य केली नाही. चिंधी वेचण्यास त्यांनी कधी मनाई केली नाही, पण तिची सक्तीही होऊ दिली नाही. मनूचा नियम आणि विनयाचा नियम यांत चिंधी तीच आहे. निवड कोणाची, एवढाच फरक आहे, आणि तो फरक फार मोठा आहे.

चुल्लवग्गातील आनंद स्थविर आणि राजा उदयन यांचा संवाद तर आमच्या पाठाचा जणू पहिलाच धडा आहे. कौशाम्बी येथे राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. एवढ्या वस्त्रांचे भिक्खू काय करणार, असे राजाला वाटले व तो विचारावयास आला. आनंदांनी सांगितले की ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ही वाटून देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची आंथरुणावरची पांघरुणे. ती जीर्ण झाली की गाद्यांच्या खोळी, खोळी विरल्या की जमिनीवरची बिछायत, तिच्यानंतर पायपुसणी, पायपुसण्यांनंतर धूळ झटकण्याची फडकी. आणि फडकीही झिजली की ती कुटून, मातीत कालवून जमीन सारवण्यासाठी. राजाने हे ऐकून आणखी पाचशे वस्त्रे दिली. वस्तूचा क्रम उतरता आहे, पण प्रत्येक पायरीवर तिला नेमके काम आहे, हे विद्यार्थ्यांनी येथे लक्षात घ्यावे.

वऱ्हाडातील घरांना ही रीत परकी नाही. लुगडे मधोमध विरले की दोन्ही चांगले भाग घेऊन दंड घालावयाचा, तेही फाटले की गोधडी शिवावयाची, हे आपल्या आज्यांनी केले. शिवाय याच जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जानोरकरांना अवघा महाराष्ट्र गाडगेबाबा म्हणून ओळखतो, तो त्यांच्या मातीच्या गाडग्यावरून. अंगात चिंध्यांचा अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. तो वेष त्यांच्यावर कोणी लादला नव्हता, आणि त्या वेषात त्यांनी स्वतः हातात खराटा धरून गावेच्या गावे झाडली. मुलांना मात्र त्यांनी चिंध्या घालण्यास सांगितले नाही. त्यांच्यासाठी शाळा आणि वसतिगृहे उभारली.

आमच्या पाठाचा पहिला नियम यातून ठरला. टाकलेल्या वस्तूंपासून अंगावर घालण्याची किंवा अन्न वाढण्याची कोणतीही वस्तू आम्ही करीत नाही. ते विद्यार्थ्याला नवे व स्वच्छ मिळाले पाहिजे, तो त्याचा हक्क आहे. जुन्या मालातून करावयाची ती सजावट : खोलीचा दिवा, जमिनीवरची चटई, खिडकीतील कुंडी, भिंतीवरची मांडणी.

आता बाजाराकडे वळू. अमरावतीचा इतवारा, अकोल्यातील भंगाराची दुकाने, आणि वाटेवरच्या मूर्तिजापूर, दर्यापूर येथील आठवडी बाजार यांत जो माल दिसतो तो या मुलखाचा इतिहासच सांगतो. कापसाच्या गठाणी बांधण्याच्या लोखंडी पट्ट्या, गोणपाट, तेलाचे पंधरा किलोंचे पत्र्याचे डबे, वरुड-मोर्शीकडील संत्र्यांच्या लाकडी पेट्या, पितळी कड्या-कोयंडे, मोडक्या दारांच्या फळ्या, शिवणयंत्रांचे ओतीव पाय. विद्यार्थ्यांनी वस्तू उचलण्यापूर्वी ती पूर्वी काय होती हे दुकानदाराला विचारावे. दुकानदाराला जेवढे ठाऊक असते तेवढे कोणत्याही पुस्तकात नसते. पत्रा व लोखंड किलोवर आणि बाटली नगावर मिळते. त्या दरावर फार घासाघीस करू नये. वजनकाट्यामागे बसलेला माणूसही हाताच्या कष्टावरच जगतो, आणि आमच्या काही विद्यार्थ्यांचे वडील तेथेच बसतात.

वस्तू पूर्वी काय होती, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. हा मुलूख कापसाचा आहे आणि कापसाबरोबर कीटकनाशक येते. त्याचे डबे व बाटल्या मजबूत आणि घट्ट झाकणाच्या असल्यामुळे बाजारात हमखास दिसतात. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपल्यापैकी कित्येकांच्या घरी अजून बोलले जाते. कीटकनाशकांच्या वेष्टनावर तिरप्या चौकोनात रंग असतो. लाल म्हणजे अतिजहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा व शेवटी हिरवा. नियमाप्रमाणे रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावयाचे असतात. प्रत्यक्षात ते धुऊन, चिठ्ठी खरवडून विकले जातात. म्हणून ज्या डब्याचा पूर्वेतिहास कळत नाही तो डबा घ्यावयाचा नाही, कितीही सुंदर असला तरी. हुंगून पाहणे ही तर सर्वांत वाईट परीक्षा होय. फुटलेल्या ट्यूबलाइट, गाड्यांच्या बॅटऱ्या यांनाही हात लावू नये, आणि तांब्याची तार काढण्यासाठी तिचे वेष्टन जाळू नये.

जुन्या रंगाविषयीही सावध असावे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांवर आणणारा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वी रंगविलेल्या दारा-खिडक्यांच्या फळ्या कोरड्या घासल्यास जी धूळ उडते ती लहान मुलांसाठी घातक ठरू शकते. अशा फळ्या आम्ही घेतच नाही. बिनरंगी सागवान व संत्र्यांच्या पेट्या पुरेशा आहेत.

प्रत्यक्ष कृतींपैकी दिव्याची कृती थोडक्यात अशी. खाद्यतेलाचा लहान डबा धुण्याच्या सोड्याने स्वच्छ धुवावा आणि ओल्या वाळूने ठासून भरावा. वाळूमुळे ठोकताना पत्रा आत दबत नाही. कागदावर पिंपळपान काढून तो कागद डब्याला बांधावा व रेषेवर पाव इंचाच्या अंतराने खिळ्याने भोके पाडावीत. कडा कानशीने घासाव्यात. आत लहान एलईडी दिवा ठेवला की भिंतीवर पान उमटते. गठाणीच्या पट्ट्यांवरील गंज पॉलिश पेपरने काढून त्यांना जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा, म्हणजे लोखंड काळसर व तुकतुकीत राहते. येथे एक सूचना विसरू नये. तेल पुसलेली फडकी चुरगाळून ढिगात टाकल्यास ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती दोरीवर पसरूनच वाळवावीत. पितळेला चिंच आणि थोडे मीठ पुरते. बाजारातील चकाकी आणणारी औषधे आम्हांला कधी लागली नाहीत.

चटईवर मात्र आम्ही दोन महिने घालविले, आणि तेवढे घालवावेतच असे आमचे मत आहे. जुन्या सुती साड्या व चादरी धुऊन त्यांच्या चार इंच रुंदीच्या पट्ट्या फाडाव्यात. कापू नयेत, कारण फाडताना कापड स्वतःच सरळ रेषा धरते. पट्टीच्या दोन्ही कडा आत दुमडून तीन पट्ट्यांची वेणी घालावी. पट्टी संपली की गाठ मारू नये. दुसरी पट्टी तिरपी लावून शिवावी, अन्यथा पायाला गाठ बोचते. वेणी मग शंखासारखी गोल वळवीत, दाभणाने व जाड दोऱ्याने कडेला कड शिवत जावी. हे काम टेबलावर किंवा सपाट जमिनीवर ठेवूनच करावे. मांडीवर धरून शिवलेली आमची पहिली चटई टोपलीसारखी वर वळली आणि पुरी उसवावी लागली.

येथे गणिताच्या शिक्षकांनी एक उत्तम उदाहरण दिले. चटईचा व्यास तीन फूट हवा आणि वेणीची रुंदी एक इंच आहे, तर वेणी किती लांब लागेल? वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ७.०७ चौरस फूट. त्यास फुटाच्या बाराव्या भागाने भागले की उत्तर सुमारे ८५ फूट येते. वेणीत पट्टी आखडते, म्हणून प्रत्येक पट्टी ११० फुटांच्या आसपास धरावी. पाचवारी साडीतून चार इंचांच्या अकरा पट्ट्या निघतात. दोन साड्यांत चटई होते, हे विद्यार्थ्यांनी आधी वहीत सोडविले आणि मग हाताने पडताळले.

आपण करतो ते क्षुल्लक आहे असे कोणाला वाटू नये, म्हणून वर्गात आम्ही नेकचंद यांची हकिगत सांगतो. चंदीगडमधील या रस्ते-निरीक्षकाने १९५७ पासून नोकरीच्या वेळेबाहेर, कोणाला न सांगता फुटक्या बांगड्या, कपबशा आणि मोडतोडीचे सामान जमवून जंगलात मूर्ती उभारल्या. ती बाग १९७६ मध्ये लोकांसाठी खुली झाली. पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी काडेपेट्या आणि झिजलेल्या सायकल-ट्यूबपासून विज्ञानाची खेळणी घडविली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोघांनीही आधी साहित्य नीट ओळखले.

पालकसभेत प्रश्न विचारणाऱ्या मातेला आम्ही पुढच्या सत्रात चटई पाहण्यास बोलाविले. तिच्या मुलीने घरून आईचे एक जुने हिरवे लुगडे मागून आणले होते. त्याचा लाल काठ चटईच्या बाहेरच्या फेऱ्यात होता. आईने तो ओळखला. बराच वेळ ती बोटाने काठ चाचपत राहिली. मग म्हणाली, “हे खाली नोका टाकू सर. पाय पडतीन.” आम्ही तिला विनयाचा नियम, निवडीचा फरक, हे सारे सांगण्यास तयार होतो, परंतु तिने निवड आधीच केली होती. ती चटई आता मुलींच्या वसतिगृहाच्या वाचन-कक्षात, खिडकीशेजारच्या भिंतीवर टांगलेली आहे. तिथे उन्ह येते, म्हणून काठाचा रंग उडू नये यासाठी मुली दर पौर्णिमेला तिची बाजू पालटतात, आणि दिवाळीच्या सुटीआधी ती रिठ्याच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवतात. जमिनीसाठी दुसरी चटई केली आहे.